रिपोर्ट गेला का?

दर सोमवारी, दर महिनाअखेरीला, दर क्वार्टरला तोच रिपोर्ट. तेच कॉपी, तेच पेस्ट, तोच वैताग. पण कुठला रिपोर्ट कशात करायचा आणि कुठल्या फॉरमॅटमध्ये पाठवायचा, हे आपण कधी शांतपणे बसून ठरवतो का?

शनिवारची सकाळ. एफसी रोडवरच्या वैशालीत टेबल मिळायला पाऊण तास गेलेला. एसपीडीपीची प्लेट समोर येते न येते तोच माझ्या मैत्रिणीचा मोबाइल वाजला. व्हॉट्सअ‍ॅपवर बॉसचा तीन शब्दांचा मेसेज. ‘रिपोर्ट गेला का?’

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? असे मेसेज तर आपल्या सगळ्यांनाच येतात. पण माझी मैत्रीण तो मेसेज वाचून एकदम गप्प झाली. म्हटलं, ‘अगं, पाठवला नाहीस का?’ म्हणाली, ‘कालच पाठवलाय. पण दिवाळीपासून हे तीन शब्द वाचले की पोटात गोळा येतो.’

मग एसपीडीपी बाजूला राहिली आणि तिची स्टोरी सुरू झाली.

ही एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआर-अ‍ॅडमिनला आहे. हाउसकीपिंग, सिक्युरिटी आणि कॅन्टीन अशा तीन कॉन्ट्रॅक्टरची माणसं तिथे कामाला. दर महिन्याला तिघांकडून हजेरीच्या तीन फाइल येतात. त्या एकत्र करायच्या, कोणाचा किती ओटी झाला ते काढायचं आणि अकाउंट्सला पाठवायचं. त्या आकड्यांवर बिलं पास होतात आणि माणसांच्या हातात पैसे पडतात.

दिवाळीच्या महिन्यात एका कॉन्ट्रॅक्टरने हजेरीचं नवं मशिन बसवलं. दर वेळी एक्सेलमध्ये येणारी फाइल त्या वेळी सीएसव्हीमध्ये आली. हिने नेहमीसारखं डबल क्लिक केलं, फाइल उघडली, डेटा कॉपी-पेस्ट केला, मेल पाठवला आणि फराळाच्या ऑर्डरच्या मागे लागली. एक्सेलने मात्र तेवढ्यात गुपचूप आपलं काम केलं होतं. ‘००४१७’ हा एम्प्लॉयी कोड त्याला आकडा वाटला. मग आकड्यापुढच्या शून्यांना काय अर्थ? कोड झाला ‘४१७’. मास्टर शीटमध्ये कोड होता ‘००४१७’. व्हीलुकअपला जुळणी सापडली नाही. अशा वेळी खरं तर एरर दिसायला हवा. पण हिच्या आधी त्या खुर्चीत बसणाऱ्याने शीट छान दिसावं म्हणून फॉर्म्युल्याला इफएरर लावून ठेवला होता. एरर आला की शून्य दाखव! झालं. त्या कॉन्ट्रॅक्टरच्या सगळ्या माणसांचा ओटी शून्य.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी हाउसकीपिंगच्या मावशी तिच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. ‘मॅडम, माझा ओटी कुठं गेला?’

पैसे मिळाले. पण भाऊबीज उलटून गेल्यावर.

‘चूक कोणाची होती?’ मी विचारलं. ‘मशिनची, कॉन्ट्रॅक्टरची, जुन्या माणसाची, माझी... सगळ्यांचीच,’ ती म्हणाली. ‘खरं सांगू? फाइल कशात यायची, हे कोणी कधी ठरवलंच नव्हतं.’

आधी वाचणारा कोण ते बघा!

आपल्याकडे रिपोर्ट म्हटलं की बोटं आपोआप एक्सेलच्या हिरव्या आयकॉनकडे वळतात. सवयच तशी. पण सॉफ्टवेअर निवडण्याआधी एकच प्रश्न विचारून बघा. हा रिपोर्ट समोरचा माणूस नेमका काय करायला उघडणार आहे?

साधारण चार उत्तरं मिळतात. एक, तो फक्त वाचणार आहे, तेही बहुतेक मोबाइलवर, लोकलमध्ये लटकत किंवा चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये. दोन, तो आकड्यांवर पुढे काम करणार आहे. तीन, वाचणारा माणूस नाहीच, दुसरं सॉफ्टवेअर आहे. आणि चार, आत्ता कोणीच वाचणार नाही, पण ऑडिटच्या वेळी तो सापडला पाहिजे.

या चौघांना चार वेगवेगळी ताटं वाढायला हवीत. आपण काय करतो? सगळ्यांना एकच राइस प्लेट! सात टॅबवाली, चाळीस कॉलमवाली एक्सेल शीट डायरेक्टरसाहेबांच्या मोबाइलवर जाते. ते बिचारे दोन बोटांनी झूम करत ‘टोटल’ शोधत बसतात. मग फोन येतो, ‘ते जरा थोडक्यात सांगता का?’

फक्त वाचायचं असेल तर एका पानाची पीडीएफ. अ‍ॅडोबीने हा फॉरमॅट १९९३ साली आणला आणि २००८ साली तो आयएसओचं खुलं स्टँडर्ड झाला. तुमच्या लॅपटॉपवर जसा दिसतो तसाच तो साहेबांच्या फोनवर दिसतो आणि चुकून बोट लागून त्यातला आकडा बदलत नाही. ऑडिटसाठी जपून ठेवायलाही हाच बरा. पण अकाउंट्सला पीडीएफ पाठवलीत, तर ते तुमच्या नावाने बोटं मोडत एकेक आकडा पुन्हा टाइप करणार. आणि पुन्हा टाइप करणं म्हणजे पुन्हा चुकणं. त्यांना एक्सेलच द्या.

सॉफ्टवेअरला खाऊ घालायचं असेल, तर ते मागेल तेच आणि तसंच. जीएसटीचं उदाहरण घ्या. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची तारीख ११, ३बी ची २०. पोर्टलच्या ऑफलाइन टूलमधून जेसन फाइल तयार होते, तीच अपलोड करायची. तिथे तुमच्या रंगीत हेडिंगचं कौतुक कोणालाही नसतं.

एक्सेलबाबांचे लाड

स्प्रेडशीटची गोष्ट १९७९ सालच्या व्हिजिकॅल्कपासून सुरू होते. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन या जोडगोळीने ते अ‍ॅपल-टू कॉम्प्युटरसाठी केलं होतं. एक्सेल आलं १९८५ मध्ये, तेही आधी मॅकवर. गंमत आहे ना? तेव्हापासून आजपर्यंत एक्सेलने आपल्याला इतकं सांभाळून घेतलंय की त्याला काहीच अशक्य नाही असं वाटायला लागतं.

पण त्याच्याही मर्यादा आहेत. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात. २००७ पासूनच्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. एका एक्सने किती फरक पडतो, हे ब्रिटनला विचारा. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या लक्षात आलं, की २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नव्हते. लॅबकडून सीएसव्ही यायच्या आणि त्या जुन्या एक्सएलएस टेंप्लेटमध्ये ओढल्या जायच्या. एकेका रुग्णाच्या अनेक ओळी. टेंप्लेट भरलं, की उरलेल्या ओळी बाहेर! त्या रुग्णांना त्यांचा रिझल्ट कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचं काम काही दिवस मागे पडलं. आणि ते दिवस कोविडचे होते!

दुसरा लाडोबा म्हणजे तारीख. माणसाच्या काही जीन्सची नावं मार्च-१, सेप्ट-२ अशी होती. एक्सेलला ती १ मार्च आणि २ सप्टेंबर वाटायची. संशोधक वर्षानुवर्षं वैतागले. शेवटी २०२० मध्ये जीन्सना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने या जीन्सची नावं बदलल्याचं जाहीर केलं. माणसाच्या जीनचं नाव बदलणं सोपं, एक्सेलची सवय बदलणं कठीण! मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारे बदल बंद करायची सोय एक्सेलमध्ये दिली ती २०२३ मध्ये. तुमच्या ऑफिसात नवं व्हर्जन असेल तर ऑप्शन्समध्ये ‘ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन’ शोधा आणि शून्य उडवणारी टिकमार्क काढून टाका. पुढची दिवाळी सुखाची जाईल.

आपल्या तारखांचा गोंधळ तर याहून वाईट. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल. पण ज्या लॅपटॉपचं सेटिंग अमेरिकन आहे, तो त्याला ४ मार्च समजतो. आणि १३/०४ चं काय? तेरावा महिना नसतो, म्हणून तो त्याला तारीख न मानता नुसती अक्षरं म्हणून तशीच ठेवतो. म्हणजे एकाच कॉलममध्ये काही तारखा चुकीच्या आणि काही तारखाच नाहीत. अमेरिकन क्लायंट असलेल्या टीम्सनी तर यावर घरी लिहून लावावं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०२५-०४-०३. हाच आयएसओचा नियम आहे. फायदा म्हणजे फाइलच्या नावात अशी तारीख टाकली, तर फोल्डरमध्ये फाइल आपोआप ओळीने लागतात.

मोठ्या आकड्यांचंही तसंच. एक्सेल फक्त पहिले १५ अंक लक्षात ठेवतं. १६ आकडी कार्ड नंबर आकडा म्हणून टाकलात, तर शेवटचा अंक शून्य होतो. आधार नंबर १२ आकडी, तो तर सीएसव्ही उघडल्या उघडल्या दशांश चिन्हवाला विचित्र आकडा होऊन बसतो. तीच फाइल तशीच सेव्ह केली, की मूळ नंबर गेला! तेव्हा ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो आकडा नाहीच असं समजा. एम्प्लॉयी कोड, मोबाइल, अकाउंट नंबर, सगळं ‘टेक्स्ट’. आणि सीएसव्ही कधीही डबल क्लिक करून उघडू नका. डेटा मेनूत जाऊन ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आत घ्या आणि कुठला कॉलम टेक्स्ट ते तिथे सांगा.

आणि मराठी रिपोर्ट?

तुमच्या रिपोर्टमध्ये मराठी नावं, गावं, दुकानांचे पत्ते असतील, तर हा पॅरा दोनदा वाचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दिसतो मराठी, पण आतून असतात इंग्रजी अक्षरांचे कोड. ज्या कॉम्प्युटरवर तो फाँट नाही, तिथे नुसता उकिरडा. सॉर्ट होत नाही, सर्च होत नाही. युनिकोडमध्ये टाइप करणं हाच उपाय.

युनिकोड असूनही एक खड्डा उरतोच. एक्सेलमधून साधी ‘सीएसव्ही’ सेव्ह केली, की सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा. नाहीतर ‘कुलकर्णी, सांगली’च्या जागी ‘??????’ बघून साहेब तुम्हालाच प्रश्न विचारतील.

स्लाइडवर स्लाइड

मंथली रिव्ह्यू म्हणजे पीपीटी, हे समीकरण तर आपल्याकडे देवाने लिहून दिल्यासारखं. पॉवरपॉइंट १९८७ साली आलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बनवणारी कंपनी १.४ कोटी डॉलरना घेतली. समोर माणसं बसलीत, आपण उभं राहून बोलतोय, मागे दोन-तीन ग्राफ, इथपर्यंत ते झकासच. घोळ होतो तो बोलणारा नसताना स्लाइड पाठवल्या जातात तेव्हा.

१ फेब्रुवारी २००३. कोलंबिया यान पृथ्वीवर परत येताना तुटलं आणि कल्पना चावलासह सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा पंखावर आदळला होता. त्याने किती नुकसान झालं असेल, याचा हिशोब यान आकाशात असतानाच स्लाइडवर मांडला गेला. आदळलेला तुकडा चाचण्यांमधल्या तुकड्यांपेक्षा शेकडो पटींनी मोठा होता, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट स्लाइडच्या अगदी तळाशी, बुलेटच्या आतल्या बुलेटमध्ये होती. अपघाताला स्लाइड जबाबदार होती असं कोणी म्हणणार नाही. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात तांत्रिक पेपरऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या नासातल्या सवयीवर बोट ठेवलं, हे खरं.

२००४ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोसने वरिष्ठांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंटला सुट्टीच देऊन टाकली. त्याऐवजी पूर्ण वाक्यांत लिहिलेला मेमो, जो मीटिंगच्या सुरुवातीला सगळ्यांनी शांतपणे वाचायचा. आपल्या ऑफिसात हे लगेच होणार नाही, मान्य! पण वीस स्लाइडच्या आधी अर्ध्या पानाचं ‘या महिन्यात काय बदललं आणि का’ जोडायला कोण अडवतंय?

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ हाती?

आता मुद्द्याचा प्रश्न. यासाठी माझ्या एका एमआयएसवाल्या मित्राने मला एक मस्त कसोटी सांगितली. तो तिला ‘सुट्टीची टेस्ट’ म्हणतो. तुम्ही उद्या कोकणात गेलात आणि फोन लागला नाही, तर हा रिपोर्ट दुसरं कोणी करू शकेल का? नाही, तर तुमचं सॉफ्टवेअर चुकलं किंवा पद्धत तरी.

महिन्याला एकदा, एकट्यानेच करायचा आणि डेटा थोडा असेल, तर एक्सेल उत्तम. मात्र कॉपी-पेस्टच्या जागी पॉवर क्वेरी शिका. एक्सेल २०१६ पासून ती आतच आहे. फोल्डरमधल्या सगळ्या फाइल उचल, नको ते कॉलम काढ, कोड टेक्स्टच ठेव, हे तिला एकदा शिकवलं की पुढच्या महिन्यापासून फक्त ‘रिफ्रेश’. अर्थात, फाइलींचा साचा तोच असला पाहिजे.

पाच शाखांतून पाच जण आकडे भरणार असतील, तर गूगल शीट. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘फायनल-फायनल-लेटेस्ट’ असली वंशावळ तयार होत नाही आणि कोणी, कधी, काय बदललं ते व्हर्जन हिस्टरीत दिसतं. फक्त ‘लिंक असलेला कोणीही’ हे शेअरिंग लावताना दहादा विचार करा. पगार आणि आधार नंबरच्या शीटला तर लावूच नका.

तेच आकडे रोज आणि बऱ्याच लोकांना बघायचे असतील, तर डॅशबोर्ड. पॉवर बीआयचं डेस्कटॉप व्हर्जन फुकट मिळतं. पण टीमशी नीट शेअर करायचं म्हटलं की लायसन्सचा खर्च येतो, तेव्हा आधी आयटीला विचारा. आणि एक लक्षात ठेवा. डॅशबोर्ड हलता असतो. ‘३१ मार्चला आकडा काय होता?’ असं कोणी विचारलं, तर तो आजचा आकडा दाखवेल. म्हणून महिनाअखेरीला त्याची एक पीडीएफ काढून ठेवाच.

आणि हिशोब टॅलीत असेल, तर जो रिपोर्ट टॅली स्वतः देतं, तो एक्सेलमध्ये पुन्हा कशाला रांधायचा? हल्ली एआयला सांगितलं की फॉर्म्युले, मॅक्रो क्षणात मिळतात. जरूर घ्या. पण जो फॉर्म्युला आपल्याला समजावून सांगता येत नाही, त्यावर कोणाचा पगार काढू नका.

या पाच गोष्टी आजच करा

१. आलेली मूळ फाइल तशीच एका फोल्डरमध्ये ठेवा. तिला हातही लावू नका. काम कॉपीवर.

२. प्रत्येक रिपोर्टला चेक टोटल ठेवा. आलेल्या फाइलमधली बेरीज वजा तुमच्या रिपोर्टमधली बेरीज. उत्तर शून्य नसेल, तर तो सेल लालभडक.

३. इफएररला शून्य दाखवायला लावू नका. ‘सापडलं नाही’ असं स्पष्ट लिहायला लावा.

४. फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये, कुठल्या कॉलमनी आणि कुठल्या तारखेला यायची, ते पाठवणाऱ्याला मेलवर लिहून द्या. फोनवर ठरलेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही.

५. वर्षातून एकदा विचारा, ‘हा रिपोर्ट कोण बघतं?’ पण विचारा, गुपचूप बंद करू नका. कधीकधी तो बघणारा एकच माणूस ऑडिटर असतो!

शेवटची टिप माझ्या मैत्रिणीची. दिवाळीनंतर तिने हा प्रश्न खरंच सगळ्यांना विचारला. ती महिन्याला नऊ रिपोर्ट करत होती. त्यातले दोन ज्या मॅनेजरसाठी सुरू झाले होते, तो कधीच कंपनी सोडून गेला होता. मेल मात्र त्याच्या बंद पडलेल्या ग्रुपवर इमानदारीत जात होते. ते दोन बंद झाले. वाचलेल्या वेळात तिने ओटीचा रिपोर्ट नव्याने बांधला. तिन्ही कॉन्ट्रॅक्टरना एकच टेंप्लेट दिलं, कोडचा कॉलम टेक्स्ट केला, चेक टोटल लावली. अकाउंट्सला एक्सेल, बॉसला एका पानाची पीडीएफ.

आणखी एक गोष्ट तिने केली, जी कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. अकाउंट्सला पाठवायच्या आदल्या दिवशी ती ओटीची यादी प्रिंट काढून पॅन्ट्रीच्या दाराशी लावते. फक्त कोड आणि तास, नावं नाहीत. ज्याचे तास चुकले असतील, तो संध्याकाळपर्यंत येऊन सांगतो. लॅपटॉप नसलेल्या माणसांसाठी हाच खरा फॉरमॅट!

त्या शनिवारी वैशालीतून निघताना तिने बॉसला उत्तर टाइप केलं. ‘हो सर, काल गेला. चेक टोटल शून्य.’ मग फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, ‘परवा मावशी पॅन्ट्रीपाशी ती यादी बघत उभ्या होत्या. मी विचारलं, सगळं बरोबर आहे ना? तर म्हणतात कशा, या वेळी बरोबर हाय, पण मॅडम, अक्षर जरा मोठं करा की!’

आता यादीचा फाँट अठरा आहे.